आयात यशस्वी झाली, नोंदी मात्र हरवल्या
वेबसाइटवरील माहिती एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी भरण्याचा व्यवहार वरवर सोपा असतो. तो नेमका कुठे फसतो?

२०१९ च्या जुलै महिन्यातील एका रात्री साडेदहाच्या सुमारास मुंबईच्या उपनगरातील एका रक्तदाता मंडळाच्या सचिवांना रुग्णालयातून फोन आला. बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या एका महिलेसाठी ‘बॉम्बे’ रक्तगटाचा दाता तातडीने हवा होता. सचिवांनी मंडळाची वेबसाइट उघडली, शोध घेतला. उत्तर आले, ‘एकही नोंद नाही’. मंडळाच्या यादीत या गटाचे तीन दाते आहेत, हे सचिवांना पक्के ठाऊक होते. त्यांनी आडनावावरून शोध घेतला तेव्हा एकाची नोंद सापडली खरी, पण रक्तगटाचा रकाना रिकामा होता आणि मोबाइल क्रमांकाच्या जागी ९१९८२१ आणि त्यापुढे सहा शून्ये होती. शेवटी त्या दात्याची इमारत कोणती हे आठवत असल्याने सचिव भर पावसात स्कूटरवरून त्याच्या घरी गेले. पहाटे त्या दात्याने रक्त दिले.

ही यादी तीन आठवड्यांपूर्वी जुन्या वेबसाइटवरून नव्या वेबसाइटवर हलवण्यात आली होती. हलवणारा मीच होतो. पत्रकार असल्याने ‘तुला संगणकातले कळते’ हा समज मंडळात रूढ होता आणि तो खोडून काढण्याइतका प्रामाणिकपणा मी दाखवला नव्हता. जुन्या वेबसाइटवरून यादी उतरवून घेतली, एक्सेलमध्ये उघडली, पन्नासएक पत्ते दुरुस्त केले, ‘सेव्ह’ केली आणि नव्या वेबसाइटवर चढवली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत संदेश आला, ‘आयात यशस्वी’. जुन्या यादीत जितकी नावे होती, तितकीच नव्या यादीत होती. मी निर्धास्तपणे घरी गेलो.

गृहनिर्माण संस्था, शाळा, पतपेढ्या, दवाखाने, वाचनालये अशा सर्वांचा कारभार आता वेबसाइटवर चालणाऱ्या प्रणालींवर आहे. कधी ना कधी त्यांतील नोंदी बाहेर काढून पुन्हा आत घालण्याची वेळ येतेच. कधी जुन्या कंपनीशी पटत नाही, कधी सर्व्हर बदलायचा असतो, तर कधी पाचशे नोंदींत एकच दुरुस्ती करायची असते आणि एकेक नोंद उघडत बसण्याचा कंटाळा येतो. जवळपास प्रत्येक प्रणालीत ‘एक्स्पोर्ट’ आणि ‘इम्पोर्ट’ अशी दोन बटणे शेजारी शेजारी असतात. त्यामुळे एकाने बाहेर काढलेले दुसऱ्याने जसेच्या तसे आत जाईल, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात या दोन बटणांच्या मधल्या रस्त्यावर काय घडते, याकडे कोणी पाहत नाही.

डेटाबेसला जे ठाऊक असते

डेटाबेस म्हणजे केवळ तक्ता नव्हे. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानावर आजचे बहुसंख्य डेटाबेस उभे आहेत. त्यात प्रत्येक रकान्याला एक प्रकार असतो. हा रकाना अक्षरांचा, हा अंकांचा, हा तारखेचा, हे डेटाबेसला ठाऊक असते. अमुक रकाना रिकामा ठेवता येणार नाही, तमुक रकान्यात ठरावीक मूल्येच येतील, एका तक्त्यातील ही ओळ दुसऱ्या तक्त्यातील त्या ओळीची आहे, हेही त्याला ठाऊक असते. थोडक्यात, माहितीबरोबर माहितीविषयीचे नियमही तेथे नांदत असतात.

एक्स्पोर्टचे बटण दाबल्यावर बहुधा जी फाइल हाती पडते, ती सीएसव्ही प्रकारची असते. हा प्रकार इतका साधा आहे की त्यात केवळ अक्षरे असतात, दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम आणि ओळ संपली की नवी ओळ. नियम सगळे मागे राहिलेले असतात. बिऱ्हाड हलवताना सामान टेम्पोत भरले, पण कोणत्या खोक्यात काय आहे याची चिठ्ठी जुन्याच घरी राहिली, असा हा प्रकार आहे. नव्या घरी खोकी उघडणाऱ्याने अंदाजाने वस्तू लावायच्या.

गंमत म्हणजे सीएसव्ही अनेक दशके वापरात असूनही त्याच्या स्वरूपाचे लेखी वर्णन इंटरनेटच्या मानकांच्या दफ्तरात ऑक्टोबर २००५ मध्ये नोंदले गेले, आणि तेही बंधनकारक मानक म्हणून नव्हे. तोवर प्रत्येकाची रीत निराळी होती आणि बऱ्याच अंशी ती आजही निराळीच आहे. मराठी माणसाच्या पत्त्यात स्वल्पविराम किती असतात पाहा. फ्लॅट क्रमांक, इमारत, रस्ता, ‘अमक्या मंदिराजवळ’, उपनगर. असा पत्ता अवतरणचिन्हांत गुंडाळला नसेल, तर एका रकान्याचे पाच होतात आणि पुढचे सर्व रकाने उजवीकडे सरकतात. पिनकोडच्या जागी मंदिर येते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणाऱ्या चुका अधिक घातक असतात.

एक्सेलचा अतिउत्साह

मधल्या रस्त्यावर सर्वाधिक नुकसान होते ते बहुधा एक्सेलमध्ये. दोष एक्सेलचा म्हणावा की ते वापरणाऱ्याचा, यावर वाद होऊ शकेल. हे साधन मुळात हिशेबासाठी बनले आहे. त्यामुळे अंकांसारखे दिसणारे जे जे काही समोर येईल, ते संख्याच आहे असे ते धरून चालते. सीएसव्ही फाइलवर दोनदा क्लिक करून ती उघडली की हे सारे न विचारता घडते.

माझ्या हातून झाले ते असे. जुन्या वेबसाइटवर मोबाइल क्रमांक आधी अधिक चिन्ह, मग ९१ आणि मग दहा आकडे असे सलग लिहिलेले होते. एक्सेलने अधिक चिन्ह काढून टाकले आणि उरलेल्या बारा आकड्यांची एक प्रचंड संख्या मानली. बारा किंवा अधिक आकड्यांची संख्या एक्सेल आपल्या नेहमीच्या मांडणीत संक्षिप्त वैज्ञानिक पद्धतीने दाखवते, म्हणजे ९.१९८२१ गुणिले दहाचा अकरावा घात. पडद्यावर असे दिसणे फारसे वाईट नव्हते, कारण पूर्ण संख्या आत शाबूत होती. परंतु सीएसव्ही म्हणून ‘सेव्ह’ करताना एक्सेल आतली संख्या लिहीत नाही, पडद्यावर दिसते ते लिहिते. त्या एका क्लिकसरशी प्रत्येक मोबाइल क्रमांकाचे सुरुवातीचे चार आकडे उरले, तेही शेवटच्याची पूर्णांकात गोळाबेरीज होऊन, आणि शेवटचे सहा आकडे कायमचे गेले. नव्या वेबसाइटने तेथे इमानेइतबारे शून्ये भरली.

बारा आकडे म्हटल्यावर चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली असेल. आधार क्रमांकही बारा आकडीच असतो. बँक खात्यांच्या क्रमांकांची गत याहून वाईट होऊ शकते, कारण एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा आकडेच अचूक ठेवते. सोळावा आकडा जो असेल तो शून्य होतो आणि तेथे पडद्यामागेही मूळ संख्या उरत नाही. मुंबईचा दूरध्वनी संकेतांक ०२२ चा २२ होतो, नागपूरचा ०७१२ चा ७१२. ग्रामीण भागातील जमिनीच्या यादीत गट क्रमांक ५ चा हिस्सा २ म्हणून लिहिलेले ५/२ हे एक्सेलला ५ फेब्रुवारी वाटते. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असली तर तेच २ मे होते. एकदा तारीख झाली की मूळ लिखाण परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. ३/४ ची तारीख कोणत्या गटाची आणि कोणत्या हिश्शाची, हे तलाठीही सांगू शकणार नाही.

या अतिउत्साहाचा फटका शास्त्रज्ञांनाही बसला आहे. काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावे ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशा धाटणीची होती. एक्सेल त्यांच्या तारखा करीत असे. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी केलेल्या पाहणीत, एक्सेल स्वरूपात जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावेच बदलली. सॉफ्टवेअर बदलेना म्हणून विज्ञानाने आपली परिभाषा बदलावी, याला काय म्हणावे? हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये एक्सेलमध्ये दिली. मात्र ती वापरकर्त्याने स्वतः शोधून वापरावी लागते.

इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत जे घडले, ते तर अधिक गंभीर होते. करोनाच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळा सीएसव्ही फाइलमधून पाठवीत होत्या. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने त्या फाइल एक्सेलच्या जुन्या, एक्सएलएस या स्वरूपात ओढून घेऊन मग मध्यवर्ती प्रणालीत भरण्याची व्यवस्था केली होती. या जुन्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. एका रुग्णाच्या निकालासाठी अनेक ओळी लागत. पान भरले की पुढच्या ओळी गळून पडत होत्या आणि कोणतीही धोक्याची घंटा वाजत नव्हती. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी त्यामुळे राष्ट्रीय आकडेवारीत आल्याच नाहीत. त्या रुग्णांना आपला निकाल कळला होता. परंतु त्यांच्या सहवासात आलेल्यांना शोधून सावध करणाऱ्या पथकांपर्यंत ही नावे वेळेवर पोहोचली नाहीत. एका देशाच्या साथनियंत्रणाची दोरी एका फाइलच्या शेवटच्या ओळीवर लोंबकळत होती, हे कळायला आठवडा गेला.

देवनागरीचे वेगळे दुखणे

इंग्रजीत कारभार करणाऱ्यांना जी अडचण क्वचितच येते, ती आपल्याला पावलोपावली येते. संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतात. कोणत्या अक्षराला कोणता अंक, याचे कोष्टक म्हणजे संकेतन. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण मराठी टंकलेखन त्यानंतरही कित्येक वर्षे खासगी फॉन्टवरच चालत राहिले. मराठी वृत्तपत्रांच्या वेबसाइट वाचण्यासाठी एके काळी आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, हे अनेक वाचकांना आठवत असेल. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या घरात देवनागरी आकृती बसवलेली असे. फॉन्ट काढून घेतला की उरे ते रोमन अक्षरांचे कडबोळे.

अशा जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणणे म्हणजे केवळ एका आकृतीच्या जागी दुसरे अक्षर ठेवणे नव्हे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणजे ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर. ‘धर्म’ शब्दातील रफार जुन्या पद्धतीत ‘म’च्याही नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र’ हा ‘म’च्या आधी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला हा क्रम उलगडून पुन्हा लावावा लागतो. जोडाक्षरांवर वेलांटी आणि रफार एकत्र आले की भलेभले प्रोग्रॅम अडखळतात. जुन्या मजकुरात अधूनमधून भरकटलेल्या वेलांट्या दिसतात त्या यामुळेच.

युनिकोड वापरले म्हणजे सुटलो, असेही नाही. युनिकोडचे यूटीएफ-८ हे सर्वत्र रूढ असलेले रूप देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट वापरते. फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅमला हे सांगितले गेले नाही, तर तो त्या तीन बाइटांची तीन युरोपीय अक्षरे समजतो आणि नावांच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेल्या ‘ए’ची रांग दिसू लागते. येथवर नुकसान झालेले नसते. ती फाइल बंद करून योग्य संकेतन सांगून उघडली की नावे परत येतात. घाबरून कोणी ‘सेव्ह’ केले तर मात्र प्रकरण चिघळते. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांतील नेहमीच्या सीएसव्ही प्रकारात देवनागरीला जागाच नसल्याने प्रत्येक अक्षराच्या ठिकाणी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. टोप्यांमधून नाव परत मिळते, प्रश्नचिन्हांमधून नाही. हा फरक ज्याला ठाऊक आहे, त्याचे निम्मे काम झाले म्हणायचे.

आणखी एक दुखणे वर्षानुवर्षे लपून राहते. मायएसक्यूएल हा लोकप्रिय डेटाबेस २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत, वेगळे सांगितले नाही तर, पश्चिम युरोपीय संकेतन गृहीत धरीत असे. त्या काळातल्या कित्येक मराठी वेबसाइटनी त्यात यूटीएफ-८ चे बाइट तसेच कोंबले. वेबसाइट ज्या चुकीच्या समजुतीने लिहीत असे, त्याच समजुतीने वाचत असे. दोन चुका एकमेकींना खोडीत राहिल्याने पडद्यावर मराठी स्वच्छ दिसे. डेटाबेसची पूर्ण प्रत काढून नव्या, नीट मांडलेल्या सर्व्हरवर भरली की दोहोंपैकी एक चूक दुरुस्त होते, आणि मग उरलेली उघडी पडते. दहा वर्षे नीट चाललेली वेबसाइट हलवताच अगम्य झाली, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. हलवणाऱ्यावर खापर फुटते, पण आजार जुनाच असतो.

आता एक खास मराठी पेच. ‘कऱ्हाड’ या शब्दातील ‘र’ची ती चंद्रकोरीसारखी खूण दोन प्रकारे लिहिता येते. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त येतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. डेटाबेसच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द. कोणी एका कळफलकावर, कोणी दुसऱ्यावर टंकन केले की यादीत दोन कऱ्हाड तयार होतात. आयात करताना ‘हे नाव आधीच आहे का’ ही तपासणी दोन ‘गोऱ्हे’ वेगळे धरते आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. उपाय आहे. आयातीपूर्वी सगळा मजकूर एकाच रूपात आणायचा. पण त्यासाठी मुळात हा पेच ठाऊक हवा, आणि प्रणाली लिहिणाऱ्याला मराठी येत नसेल तर तो कसा ठाऊक असणार?

नाती तुटतात तेव्हा

रक्तदात्यांच्या प्रणालीत किमान दोन तक्ते असतात. एक दात्यांचा, दुसरा त्यांनी केलेल्या रक्तदानांचा. दुसऱ्या तक्त्यात दात्याचे नाव नसते, त्याचा अनुक्रमांक असतो. हा अनुक्रमांक डेटाबेस आपण होऊन देतो. जुन्या वेबसाइटवर ४१२ असलेल्या दात्याला नवी वेबसाइट आयात करताना ३९८ हा क्रमांक देऊ शकते, कारण मधल्या काही नोंदी कधीकाळी पुसल्या गेलेल्या असतात. रक्तदानांच्या तक्त्यात मात्र ४१२ च लिहिलेले राहते. आणि नव्या यादीतील ४१२ हा भलताच माणूस असतो.

याचा अर्थ काय होतो, ते पाहा. आपल्याकडे दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिने अंतर ठेवायचे असते. हा हिशेब मागच्या दानाच्या तारखेवरून होतो. नाते तुटले की गेल्या महिन्यात रक्त दिलेल्याला पुन्हा बोलावणे जाते आणि वर्षभर न दिलेल्याला जात नाही. तारखेचाही वेगळा घोळ असतोच. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकी मांडणीच्या सर्व्हरला ४ मार्च. १३ तारखेपासून पुढच्या तारखा नाकारल्या जातात म्हणून चूक लक्षात तरी येते. पहिल्या बारा दिवसांच्या तारखा गुपचूप उलट्या होऊन बसतात. यासाठीच वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्याने तरी सर्वांनी चालावे.

याउलट प्रकार दुरुस्तीसाठी बाहेर काढलेल्या नोंदी पुन्हा त्याच प्रणालीत भरताना होतो. ही ओळ नवी आहे की जुन्याच नोंदीची सुधारित प्रत, हे प्रणालीला कळण्याचा एकच मार्ग म्हणजे तो अनुक्रमांक. फाइल सुटसुटीत दिसावी म्हणून कोणी तो ‘निरुपयोगी’ रकाना काढून टाकला की सगळी यादी दुप्पट होते.

आता बॉम्बे गटाविषयी. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये या गटाची नोंद प्रथम जगापुढे मांडली, म्हणून त्याला हे नाव. बहुतेक सर्व माणसांच्या, अगदी ‘ओ’ गटाच्याही, तांबड्या पेशींवर असणारा ‘एच’ हा घटक या व्यक्तींमध्ये नसतो. भारतात साधारण दहा हजारांत एक असे हे प्रमाण सांगितले जाते. प्राथमिक तपासणीत ही माणसे ‘ओ’ गटाची वाटतात, परंतु त्यांना ‘ओ’ गटाचे रक्त चालत नाही. त्यांना केवळ बॉम्बे गटाचेच रक्त द्यावे लागते. म्हणूनच अशा दात्यांच्या याद्या जपाव्या लागतात.

मंडळाच्या जुन्या वेबसाइटवर रक्तगटाचा रकाना मोकळा होता. हवे ते टंकायची मुभा असल्याने त्यात अशुद्धलेखन भरपूर होते. नव्या वेबसाइटवर शिस्त आली. आठ रक्तगटांची यादी, त्यातला एक निवडायचा. आयात करताना त्या आठांत न बसणारे जे काही आढळले, ते प्रणालीने रिकामे ठेवले. ‘बॉम्बे’ त्या आठांत नव्हते. दात्यांची संख्या जुळली, कारण दाते गेलेच नव्हते. फक्त त्यांची ओळख पुसली गेली होती. हे मी आयात झाल्यावर निव्वळ गटवार बेरीज करून पाहिली असती, तरी दिसले असते. माझ्या बचावादाखल एवढेच म्हणता येईल की प्रणालीनेही ‘इतक्या ओळींतील मूल्ये ओळखता आली नाहीत’ असे सांगायला हवे होते. चांगल्या प्रणाली तसे सांगतात. काही तर एकही ओळ अडली तर संपूर्ण आयातच मागे घेतात, म्हणजे एक तर सर्व नोंदी जातात किंवा एकही जात नाही. अर्धवट भरलेल्या यादीपेक्षा ते पुष्कळ बरे.

प्रत आहे, पण ती उघडते का?

हे सारे नवशिक्यांचे घोळ आहेत, असे कोणाला वाटेल. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत घडलेली घटना तसे वाटू देत नाही. जगभरातील प्रोग्रॅमर आपले काम जेथे ठेवतात, अशी ही सेवा. रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेसच पुसला. चूक लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. रोज आपोआप काढल्या जाणाऱ्या प्रतीकडे धाव घेतली, तर प्रती निघतच नव्हत्या. प्रत काढणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६ चा. दोघांचे न जुळल्याने प्रोग्रॅम रोज हात झटकून बाहेर पडत होता. त्याची सूचना देणारी ई-मेलही वाटेतच नाकारली जात होती. एका अभियंत्याने चाचणीसाठी योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने काढलेली प्रत होती, तिने लाज राखली. मधल्या सहा तासांतील सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, तितकेच अभिप्राय आणि सातशे नवी खाती गेली. कंपनीने हे सर्व स्वतःहून जाहीर केले, दुरुस्तीचे काम तर यूट्यूबवर थेट दाखवले. आपल्याकडे अशा वेळी ‘तांत्रिक कारणास्तव’ या दोन शब्दांपलीकडे क्वचितच काही छापायला मिळते.

म्हणूनच जाणकार एक साधी कसोटी सांगतात. बाहेर काढलेली फाइल रिकाम्या, तात्पुरत्या प्रणालीत भरायची, तेथून पुन्हा बाहेर काढायची आणि दोन फाइली एकमेकींशी ओळीने ओळ ताडून पाहायच्या. फरक निघाला तर तो रस्त्यातच झालेला असतो. हे करायला तासभर लागतो. बाहेर काढलेल्या मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत घेऊनच दुरुस्ती करावी, हे तर सांगायलाही नको. एक्सेल वापरायचेच असेल तर फाइलवर क्लिक न करता एक्सेलमधील आयातीच्या सोयीतून ती घ्यावी, संकेतन यूटीएफ-८ निवडावे आणि फोन, पिनकोड, खाते क्रमांक यांचे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून जाहीर करावेत. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही तो अंक नव्हेच, हे ध्यानात ठेवले की पुरे.

एका गोष्टीबद्दल मात्र मला सचिवांनी नव्हे, एका महिला दात्याने सुनावले. दोन-अडीच हजार लोकांची नावे, फोन, पत्ते आणि रक्तगट असलेली ती फाइल मी ई-मेलने स्वतःला पाठवली होती. ती माझ्या घरच्या संगणकावर, कार्यालयाच्या संगणकावर आणि पेन ड्राइव्हवर अशा तीन ठिकाणी पडून होती. वेबसाइटला पासवर्ड होता, फाइलला नव्हता. त्यांचे म्हणणे खरे होते.

आपली माहिती आपल्याबरोबर नेता यावी, हा आता काही ठिकाणी हक्क मानला जातो. युरोपीय संघाच्या २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याच्या विसाव्या कलमात तो आहे. यंत्राला वाचता येईल अशा प्रचलित स्वरूपात माहिती मिळाली पाहिजे, असे ते कलम म्हणते. भारतात २०१९ च्या विधेयकात असा हक्क होता. २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात तो नाही. अर्थात माहिती हाती येणे आणि ती कोठे तरी पुन्हा भरता येणे यांत अंतर असते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ‘ऑर्कुट’ बंद झाले तेव्हा गुगलने आपापल्या नोंदी उतरवून घेण्यासाठी आणखी दोन वर्षे दिली होती. अनेकांनी त्या घेतल्याही. त्या भरायच्या कोठे, याचे उत्तर मात्र कोणाकडेच नव्हते.

मंडळाच्या नोंदी सावरल्या त्या अशा. मी हात लावण्यापूर्वीची मूळ फाइल, घाईत नाव न बदलता उतरवलेली, घरच्या संगणकाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच होती. ती थेट, एक्सेलला वाटेत न घेता भरण्यात आली. रक्तगटांच्या यादीत नववा पर्याय घालायला वेबसाइट बनवणाऱ्या मुलाला दहा मिनिटे लागली. दुरुस्त केलेले पन्नास पत्ते मी एका रविवारी एकेक उघडून पुन्हा टंकले. बॉम्बे गटाच्या तिघांची नावे, फोन आणि पत्ते सचिवांनी त्याच आठवड्यात एका वहीत लिहून ठेवले. ती वही अजूनही मंडळाच्या टेबलाच्या खणात आहे. आता तिच्यात पाच नावे आहेत.